टेम्पोचं गाणं, डास आणि पाळणा

नाताळात सगळ्यांत जास्त वाजणारी धून मी लहानपणापासून जवळजवळ रोज ऐकत आले, पण ती नाताळची आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरी ते बाबांच्या टेम्पोचं गाणं होतं.

बाबा मालवाहू टेम्पो चालवतात. आमचं गाव विदर्भातलं, तालुक्याचं. गल्ली इतकी अरुंद की आत गाडी वळत नाही, म्हणून बाबा टेम्पो गल्लीच्या तोंडापासूनच उलटा आणायचे. रिव्हर्स टाकला की मागच्या भोंग्यातून ती धून सुरू व्हायची आणि थेट आमच्या दारापर्यंत वाजत यायची. ती ऐकली की आई चहा ठेवायची आणि मी चाकाला लावायचा दगड घेऊन बाहेर पळायचे. लांबचं भाडं असलं आणि उशीर झाला, की आई हातातलं काम करता करता कान गल्लीकडे लावून असायची. धून आली की तिचा चेहरा सैल व्हायचा. बाबा आले, धड आले, एवढाच त्या गाण्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता.

पदवीसाठी पुण्यात आले. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पहिल्याच डिसेंबरात मैत्रिणींबरोबर हडपसरच्या एका मॉलमध्ये गेले होते. सरकत्या जिन्यावरून उतरून चार पावलं टाकली, तोच पाठीमागून तीच धून मोठ्यानं सुरू झाली. मी शेजारच्या मैत्रिणीचा दंड धरला आणि तिला खेचून भिंतीकडे नेलं.

"अगं, काय झालं?"

"गाडी मागे येतीये."

"मॉलमध्ये?"

मी वळून पाहिलं. मागे कापसाचं बर्फ लावलेलं एक मोठं झाड होतं आणि त्याच्या शेंड्याला स्पीकर. मैत्रिणी बसमध्ये बसेपर्यंत हसत होत्या. मीही हसले. पण क्षणभर मला खरंच वाटलं होतं की बाबा आले.

संध्याकाळी त्यांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "नाताळचं आहे व्हय? मला काय माहीत! भोंगेवाल्यापाशी चार होते, त्यात हे बरं वाटलं."

नोकरी लागली ती हडपसरलाच, एका आयटी कंपनीत. तिथे डिसेंबरभर रिसेप्शनला तीच ठरावीक इंग्रजी गाणी लागतात. जेवणाच्या टेबलावर दर वर्षी एकदा तरी विषय निघतो, यातलं कुठलं आवडतं आणि कुठलं डोक्यात जातं. टेम्पोची धून बहुतेकांच्या डोक्यात जाते. मी तिच्या बाजूनं एकटीच असते. ते गाणं कानाला कसं लागतं हे मला सांगताच येत नाही, मला त्यात चहाचा वास येतो. माझं खरं आवडतं आणि खरं नावडतं गाणं मात्र ऑफिसात कुणीच ऐकलेलं नाही. ती दोन्ही मी कसबा पेठेत ऐकली, आणि एकाच घरात.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मला राहायला खोली हवी होती. ओळखीतून कसबा पेठेतला एक पत्ता मिळाला. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, खालच्या आळीतून तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज दुपारभर वर येतो. घरात दोघंच, काका आणि काकू. काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. दोघं ख्रिस्ती. पहिल्या दिवशी काकांनी मला एकच प्रश्न विचारला.

"सकाळी मोठ्यानं रेडिओ लावतेस?"

"नाही."

"मी लावतो. चालत असेल तर राहा."

नोकरी लागल्यावर हडपसरला खोली घेणं सोयीचं होतं. रोज बस बदलून जावं लागायचं. पण मी हललेच नाही. ताप आला की काकू उशाशी मऊ भात आणून ठेवायच्या, आणि माझा पहिला पगार झाला त्या दिवशी काकांनी स्वतः जाऊन मासे आणले होते. असं घर सोडून बसचा एक टप्पा वाचवायला कोण जाईल?

डिसेंबर लागला की काकू गॅलरीत मोठी कागदी चांदणी टांगायच्या आणि कठड्याला दिव्यांची माळ गुंडाळायच्या. त्या माळेला एक छोटी डबी होती. बटण दाबलं की तिच्यातून नाताळच्या गाण्यांच्या धुना वाजायच्या. वाजायच्या म्हणजे कशा, तर एक सुरू व्हायची, अर्ध्यात तुटायची, दुसरी सुरू व्हायची, तीही तुटायची, आणि सगळ्यांचा आवाज एकच, बारीक, कानात शिरणारा. हे माझं सगळ्यांत नावडतं नाताळचं संगीत. काकांचंही तेच. त्यांनी त्याला नाव दिलं होतं, डास.

"अगं, तो डास बंद कर."

"अहो, घर भरल्यासारखं वाटतं."

"डासांनीच भरायचं असेल तर खिडक्या उघड्या ठेव."

काकू बटण बंद करायच्या आणि काका खाली उतरले की परत लावायच्या. हे महिनाभर चालायचं. मला वाटतं, नाताळ आला हे त्या घराला त्या भांडणावरून कळायचं.

आवडतं गाणं म्हणजे पाळणा. त्यांच्या चर्चची मंडळी नाताळच्या आधी घरोघरी गात फिरतात. फेरी म्हणतात तिला. रविवारी दुपारी निघायची आणि दिवेलागणीला संपायची. पुढे पेटी घेतलेले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत. टाळ, खंजिरी, गिटारवाला एक मुलगा आणि मध्ये ढोलकीवर काका. गेली कितीतरी वर्षं ढोलकी काकांचीच, आणि रिवाज असा की ज्याची ढोलकी त्याचं घर शेवटचं. शेवटच्या घरी सगळ्यांनी बसायचं, फराळ करायचा आणि निघण्याआधी पाळणा म्हणायचा.

पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून ते पाहिलं. ताटांमध्ये करंज्या, चकल्या, अनारसे. बाळाला जोजवणारे शब्द आणि मराठी भजनाची चाल. गव्हाणीतलं बाळ, पण झोपवणारी आई आपल्या आळीतली वाटावी. आणि काकांची ढोलकी! मी ढोलकी जरा ओळखते. माझी आई महिला भजनी मंडळात गाते आणि शाळेत असताना मंडळाची ढोलकी मीच वाजवायचे. त्या दिवशी मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की मी काकूंच्या हातातला चहाचा ट्रे घेतला आणि पाहुणी राहिले नाही.

मग एका वर्षी पावसाळा संपता संपता काकांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचले. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू भिंतीच्या आधारानं चालू लागला. डावा हात मात्र आला नाही. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी फळांच्या टोपलीत टाकला आणि कुणी आठवण केली की म्हणायचे, "पिकला की दाबतो."

डिसेंबर आला. काकूंनी चांदणी लावली, माळ गुंडाळली, डबीचं बटण दाबलं. डास सुरू झाला. मी काकांकडे पाहिलं. ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. काकू बटण बंद करीनात. मला वाटतं, त्या वाट पाहत होत्या. तो आवाज दिवसभर घरात फिरत राहायचा आणि त्याला कुणी काही म्हणायचं नाही. ते गाणं मला सगळ्यांत नकोसं झालं ते त्या दिवसांत.

काकांनी सरांना निरोप पाठवला होता, यंदा फेरी आमच्याकडे नको. काकूंनी तो निरोप पोचवला आणि वर आपला एक जोडला, की तुम्ही या.

फेरीच्या दिवशी सकाळी त्या अनारसे तळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू वाजवशील?"

"काकांची ढोलकी? नको, काकू."

"यंदा चुकलं ना, की पुढच्या वर्षी मंडळींनाही यायचं आठवणार नाही आणि ह्यांनाही बोलवायचं. माणूस असा एकेका गोष्टीतून उठत जातो. हात गेला तो गेला. गाणं गेलं तर मी ह्या घरात कुणाशी भांडू?"

 माझ्या जिवाला ते फार लागलं. काकांचा अपमान होईल ही भीती एकीकडे, आणि काकूंचं हे बोलणं दुसरीकडे. दुपारभर मी खोलीत बसून मांडीवर बोटं वाजवत होते.

दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. काका आतून म्हणाले, "सांग त्यांना, मी झोपलोय."

"नाताळात मी खोटं बोलणार नाही. तुम्हीच उठून सांगा," काकू म्हणाल्या.

काकांनी पडदा ओढून घेतला.

मंडळी आली, नेहमीसारखा गलका न करता, चपला अगदी हळू काढत. सर म्हणाले, "वहिनी, एक पाळणा म्हणतो आणि निघतो." गिटारवाला मुलगा म्हणाला, "ढोलकी नाहीये, मी ठेका धरतो गिटारवर." तेवढ्यात काकूंनी कपाटावरून ढोलकी काढली, गवसणी उतरवली आणि सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवली.

"ही वाजवेल. आईच्या भजनात वाजवते."

"मग काय प्रश्नच नाही," सर म्हणाले आणि पेटीचा भाता उघडला.

सवयीनं मी ढोलकीला हात लावून कपाळाला नेला. दोऱ्यांतल्या कड्या जरा वर सरकवून कातडं ताणलं. पाळणा सुरू झाला. पहिली दोन कडवी बरी गेली. मी काकांची लय आठवून आठवून वाजवत होते. पण शेवटचं कडवं आलं आणि माझे हात माझ्या गावाला गेले.

आमच्याकडे देवाच्या जन्माच्या पाळण्याला दोरी ओढायला बायकांची रांग लागते. सगळ्यांना पाळी मिळावी म्हणून शेवटच्या कडव्याला ढोलकी चढत जाते, टाळ्या वाढत जातात, आणि शेवटी तर नुसता कल्लोळ होतो. मला तेच वळण. मी लय चढवली. टाळ धावले, सरांचा भाता धापा टाकायला लागला, गिटारवाला खूश होऊन उभाच राहिला.

"अरे ए! हळू! बाळ उठेल ना!"

आवाज आतल्या खोलीतून आला. सगळं जागच्या जागी थांबलं. गॅलरीत डास तेवढा वाजत होता.

पडदा हलला. काका भिंतीला धरून बाहेर आले. विस्कटलेले केस, खाली लोंबणारा डावा हात.

"कोण आहे तो ढोलकीवाला?"

"मी आहे, काका."

"तू? कुठल्या गावाला निघाली होतीस?"

"आमच्याकडे शेवटी चढवतात. बायकांची रांग असते ना दोरी ओढायला."

"मग त्या बाळाला झोप कधी लागते?"

 आधी काकू हसल्या, मग सगळी खोली हसली. काका हसले नाहीत. ते येऊन माझ्यासमोर बसले, जरा आदळलेच, आणि म्हणाले, "पाळण्याला शेवटी ढोलकी उतरते. बाळाचा डोळा लागत जातो तसा हात हलका होत जातो. डोळा लागला की थांबायचं. शेवटची ओळ नुसती गळ्यानं. आण इकडे."

त्यांनी ढोलकी ओढून घेतली. उजवा हात उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर पडला आणि इतके दिवस न ऐकलेला तो स्वच्छ ठोका आला. मग सवयीनं डावा खांदाही उचलला गेला, आणि हात कातड्यावर मऊ पडला. आवाज झाला नाही. खोलीतल्या प्रत्येकानं ते पाहिलं आणि प्रत्येकानं दुसरीकडे पाहिलं.

मी उठून त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून नुसतं सांगितलं, "डावी बाजू मी धरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ढोलकी बाजूला ठेवतील. काकूंच्या हातात फराळाचं ताट होतं, ते त्यांनी खालीही ठेवलं नव्हतं आणि पुढेही केलं नव्हतं.

"धर," काका म्हणाले. "पण माझ्या मागे राहायचं. पुढे पळायचं नाही."

पाळणा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. छान वाजला असं मी म्हणणार नाही. माझा डाव्या बाजूचा धुम सारखा उशिरा पडत होता. दोन माणसांनी एक ढोलकी वाजवणं हे दोघांनी एक सुई ओवण्यासारखं आहे. मधल्या कडव्यात काका पुटपुटले, "एका ढोलकीत दोन गावं वाजतायत." मी त्यांच्या मनगटाकडे बघत राहिले. शेवटचं कडवं आलं. त्यांचा हात हलका होत गेला, माझाही त्यांच्या मागे. मग ते थांबले, मी एक ठोका जास्तीचा दिला, आणि शेवटची ओळ नुसत्या गळ्यांनी म्हटली गेली. त्यांच्या गळ्यानंही.

 बाहेर डबीतली धून अर्ध्यात तुटली आणि दुसरी सुरू झाली.

"अगं," काका म्हणाले, "आधी तो डास बंद कर. महिनाभर डोकं खाल्लंय त्यानं."

काकू ताट माझ्या हातात देऊन गॅलरीत जवळजवळ धावतच गेल्या. परत यायला त्यांना जरा वेळ लागला. डोळे पुसून आल्या होत्या. "इतके दिवस बोलला नाहीत ते!" एवढंच म्हणाल्या आणि अनारसे वाढायला लागल्या.

निघताना सरांनी विचारलं, "पुढच्या वर्षी फेरीला येणार ना?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "डाव्या हाताला विचारा. तयारी झाली तर येऊ."

आईला हे सगळं फोनवर सांगितलं, तर ती आधी चकितच झाली. "अवं माय! त्यायच्यातबी पाळणा असते?" मग म्हणाली, "पण तुले कायले घाई झाली? ते बरोबर बोलले. लेकरू झोपलं पाह्यजे ना." तिच्या मंडळात आता पाळण्याला लय चढत नाही, असं ती म्हणते. मला खात्री नाही. तिथली रांग मला ठाऊक आहे.

आम्ही वर्षभर रविवारी वाजवत बसायचो. काकांचा हात आला नाही. चेंडू अजून फळांच्या टोपलीतच आहे. पण पुढचा डिसेंबर आला तेव्हा माझा धुम वेळेवर पडत होता, निदान बहुतेक वेळा. प्रश्न राहिला होता तो काकांच्या पायाचा. घरातून खाली उतरणं त्यांना जमायला लागलं होतं, पण पेठेतून दुपारभर चालणं शक्य नव्हतं. रिक्षात ते, ढोलकी आणि डावा हात बसले असते, पण दुपारभर दर घराशी थांबणारा रिक्षावाला कुठे मिळणार?

त्याच आठवड्यात बाबा संत्र्यांचं भाडं घेऊन पुण्याला आले. परतीचा माल सोमवारी मिळणार होता, म्हणून रविवारी थांबले. काकूंच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. मुलीला इतकी वर्षं सांभाळलं म्हणून संत्र्यांची अख्खी पेटी खांद्यावर घेऊन तीन जिने चढले, आणि वर आल्यावर संकोचानं दारातच उभे राहिले.

"आत या हो," काका म्हणाले. "तुमची मुलगी पाळण्यात ढोलकी पळवते, ते तुम्हीच शिकवलंत का?"

"नाही जी. मी गाडी हळू चालवतो."

फेरीचं कळल्यावर बाबा खाली गेले आणि टेम्पोचा हौदा झाडून त्यात सतरंजी अंथरली. पुढे बाबांच्या शेजारी काका बसले. हौद्यात मी, सर, गिटार, टाळ आणि चढता येतील तेवढी माणसं. बाकीची चालत. प्रत्येक घराशी काकांना उतरवून खुर्चीत बसवायचं, मी डावीकडे उकिडवी बसायचे, आणि आम्ही वाजवायचो.

कसबा पेठेतल्या बोळांत टेम्पो आत जातो, पण वळत नाही. त्यामुळे प्रत्येक बोळातून बाहेर पडताना बाबा रिव्हर्स टाकायचे आणि मागच्या भोंग्यातून ती धून सुरू व्हायची. पहिल्याच बोळात हौद्यातली मंडळी खो खो हसली. वरच्या गॅलऱ्यांतून लोक डोकावले. एक आजोबा म्हणाले, "झालं ना गाऊन? परत कशाला?" बाबा इतके ओशाळले की पुढच्या बोळात त्यांनी टेम्पो तोंडाशीच उभा केला.

काकांनी त्यांना आत घ्यायला लावला.

"घ्या हो आत. लाजता कशाला?" काचेतून मला त्यांचा आवाज येत होता. "तुमच्या गाण्याची लय बघा, एकदाही चढत नाही. जरा मुलीला शिकवा."

असे बोळ घेत घेत शेवटच्या बोळातून टेम्पो उलटा निघाला. मागे दिवेलागण झाली होती आणि शेवटचं घर अजून बाकी होतं. तिथे काकू वाट पाहत होत्या. गॅलरीतून डासाचा आवाज येत होता, आणि काका पुढच्या सीटवरून आत्ताच त्याला नावं ठेवायला लागले होते.